इंग्रजीचा तास अंगणात



जून महिना आला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या दोन मागण्या हमखास येतात. एक बियाण्याची आणि खताची, दुसरी शाळेच्या फीची. फीची मागणी बहुतेक वेळा इंग्रजी शाळेसाठी असते आणि बरेचदा ती मुलासाठी असते. मुलगा पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या शाळेत आणि मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, अशी दोन-चार घरं आपल्या प्रत्येक गटात सापडतील. मुलाला कुठं घालायचं हा ज्या-त्या घराचा प्रश्न आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते गावच्या शाळेत राहिलेल्या मुलांबद्दल, आणि खास करून मुलींबद्दल. त्यांचं इंग्रजी पक्कं होण्यासाठी काय करता येईल? त्याला पैसा फारसा लागत नाही. थोडं अंगण लागतं आणि आयांची साथ लागते.

आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. म्हणजे आपल्या मुलीला पहिल्या वर्षापासून इंग्रजी आहेच. तरी घरोघरी काय दिसतं? तिसरीतल्या मुलीला ‘विंडो’चं स्पेलिंग विचारलं तर ती डोळे मिटून घडाघडा म्हणते. पण पाहुण्यानं ‘ओपन द विंडो’ म्हटलं की ती आईच्या तोंडाकडे बघते. अक्षरं पाठ आहेत, पण शब्द कानावर आला की काय करायचं ते ठाऊक नाही.

दुसरी गोष्टही आम्ही गावोगाव ऐकतो. एखादी बाई किंवा गुरुजी इंग्रजीच्या तासाला मुलांना मैदानात नेतात, उड्या मारायला लावतात. मग आया म्हणतात, “शाळेत नुसतं खेळवतात, वह्या कोऱ्या आहेत.” तक्रार सरपंचांपर्यंत जाते. पुढच्या आठवड्यापासून मुलं पुन्हा फळ्यावरून उतरवून घ्यायला लागतात. वह्या भरतात आणि सगळे खूश होतात. नुकसान होतं ते मुलांचं. म्हणून लहान वयात खेळातून भाषा कशी येते, हे आधी नीट समजून घेऊ.

अंगानं शिकलेली भाषा

मूल बोलायला कसं शिकतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? वर्षाच्या बाळाला आपण म्हणतो, “ये”, “दे”, “टाटा कर”, “चिऊ कुठंय?” बाळाला यातला एक शब्दही नीट बोलता येत नाही. पण ते येतं, हातातली वस्तू देतं, हात हलवतं, चिमणीकडे बोट दाखवतं. कितीतरी महिने बाळ फक्त ऐकतं आणि अंगानं उत्तर देतं. तोंडानं उत्तर देणं फार नंतर येतं. आपण त्या बाळाला कधी म्हणतो का, की आधी ‘चिऊ’ लिहून दाखव?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथं जेम्स अ‍ॅशर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी 1960 च्या दशकात नेमकी हीच गोष्ट हेरली. परकी भाषा शिकवतानाही आधी सोप्या आज्ञा द्यायच्या, शिकणाऱ्यानं त्या करून दाखवायच्या, बोलण्याची घाई करायची नाही. जपानी आणि रशियन भाषा अशा शिकवून त्यांनी प्रयोग केले. या पद्धतीला त्यांनी ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ असं नाव दिलं. सोप्या मराठीत सांगायचं तर, सगळ्या अंगानं उत्तर देणं. आज जगभर लहान मुलांना इंग्रजी शिकवताना ही पद्धत वापरतात.

यात आणखी एक फायदा आहे. मराठीत आपण म्हणतो “दार उघड”, “पाणी आण”. काय करायचं तो शब्द शेवटी येतो. इंग्रजीत तो सुरुवातीला येतो, ‘ओपन द डोअर’, ‘ब्रिंग वॉटर’. तसंच आपण म्हणतो “पेटीवर”, “पेटीखाली”, आणि इंग्रजीत ‘ऑन द बॉक्स’, ‘अंडर द बॉक्स’. ‘वर’ आणि ‘खाली’ आधी, पेटी नंतर. ही उलटापालट फळ्यावर समजावून सांगितली तर सहा वर्षांच्या पोराला कंटाळा येतो. पण ‘जम्प’, ‘टच’, ‘ब्रिंग’ ऐकून शंभर वेळा अंग हललं की ती घडी आपोआप बसते. व्याकरण पुढे पाचवी-सहावीत शिकता येतं.

आता खेळ बघू. यातले बहुतेक आपण लहानपणी खेळलेलेच आहेत.

खेळ पहिला : शिवाजी म्हणतो

हा खेळ न खेळलेली बाई आपल्याकडे विरळाच. “शिवाजी म्हणतो, उभे राहा” म्हटलं तर उभं राहायचं, नुसतं “उभे राहा” म्हटलं तर हलायचं नाही. इंग्रजी मुलं हाच खेळ ‘सायमन सेज’ म्हणून खेळतात. आपण ‘टीचर सेज’ म्हणू. ‘टीचर सेज, स्टँड अप.’ ‘टीचर सेज, टच युवर नोज.’ ‘जम्प!’ आणि इथं जो उडी मारेल तो फसला.

पहिल्या दिवशी पाचच आज्ञा घ्याव्यात : स्टँड अप, सिट डाउन, जम्प, टर्न अराउंड, क्लॅप. बाईंनी आधी स्वतः करून दाखवायचं, मग मुलांसोबत करायचं, मग फक्त तोंडानं म्हणायचं. पुढच्या आठवड्यात नाक, कान, गुडघा, डोकं आणायचं. महिनाभरानं मुलांनी आज्ञा द्यायची. वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुलगी बाईंना ‘सिट डाउन’ म्हणते आणि बाई खरंच बसतात, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही, म्हणून मोठ्यांना सांगताना पुढे ‘प्लीज’ लावायचं, हेही तेव्हाच शिकवून टाकावं.

एक नियम मात्र बदलायचा. आपल्या खेळात चुकला तो बाद होऊन कडेला बसतो. शिकण्याच्या खेळात हे उलटं पडतं, कारण ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच आधी बाहेर जातो. म्हणून चुकणाऱ्याला बाद करू नका. त्यानं पुढं येऊन पुढच्या दोन आज्ञा बाईंच्या शेजारी उभं राहून करायच्या आणि परत रांगेत जायचं.

खेळ दुसरा : तळ्यात-मळ्यात

जमिनीवर रांगोळीनं किंवा चुन्यानं एक लांब रेघ मारायची. एक बाजू ‘येस’, दुसरी ‘नो’. बाई काळ्या पाटीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘धिस इज ब्लॅक’. मुलं येसच्या बाजूला उडी मारतात. ‘अ काउ कॅन फ्लाय’ म्हटलं की नोच्या बाजूला उडी, आणि वर हसून हसून पुरेवाट. गाय उडते ही कल्पनाच मुलांना फार आवडते, आणि हसलेलं वाक्य मूल विसरत नाही.

त्याच रेघेवर दुसरा प्रकारही होतो. एक बाजू प्राण्यांची, एक बाजू फळांची. ‘गोट’, ‘मँगो’, ‘बनाना’, ‘बफेलो’ असं म्हणत जायचं. ज्या मुलाला शब्द कळला नाही ते शेजाऱ्याकडे बघून उडी मारतं. मारू द्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ते स्वतःच्या कानावर उडी मारायला लागतं. कोण कधी शेजाऱ्याकडे बघायचं सोडतं, हे बाईंना लगेच दिसतं. तीच त्याची परीक्षा, वेगळा पेपर लागत नाही.

खेळ तिसरा : डोंगराला आग लागली

गोलात पळायचं आणि आकडा ऐकला की तेवढ्यांनी घट्ट मिठी मारून गट करायचा, हा खेळ आपल्याला ठाऊकच आहे. आकडा इंग्रजीत सांगायचा, ‘थ्री’, ‘फाइव्ह’, ‘टू’. गट झाला की मुलांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं मोजायचं. एक ते दहा हे आकडे असे चार दिवसांत बसतात.

दहाच्या पुढं खरी अडचण सुरू होते. मराठीत ‘चोवीस’ म्हणताना चार आधी येतात आणि वीस नंतर. इंग्रजीत ‘ट्वेंटी-फोर’, वीस आधी आणि चार नंतर. त्यामुळं 24 आणि 42 यांत मुलं गोंधळतात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ तर मोठ्यांनाही पटकन वेगळे ऐकू येत नाहीत. यासाठी जमिनीवर मोठे आकडे लिहायचे, 13, 30, 24, 42, 15, 50. दोन रांगा करायच्या. बाई आकडा म्हणतील, दोन्ही रांगांतला पहिला पळत जाऊन त्या आकड्यावर उभा राहील. चुकीच्या आकड्यावर उभं राहिलेलं मूल स्वतःच समोरच्याकडे बघून जागा बदलतं. बाजारात पैसे मोजायला हे आपल्यालाही उपयोगी आहे, तेव्हा आयांनीही एखादी फेरी खेळायला हरकत नाही.

खेळ चौथा : आईचं पत्र हरवलं

गोल बसायचं, एकीनं रुमाल घेऊन मागून फिरायचं. पण इथं गुपचूप फिरायचं नाही. प्रत्येकाच्या पाठीवर हलकी थाप देत म्हणायचं, ‘कॅट… कॅट… कॅट…’ आणि मध्येच ‘डॉग!’ ज्याच्या पाठीवर डॉग पडला त्यानं उठून पाठलाग करायचा. दर फेरीला शब्दांची जोडी बदलायची. पुढं सारखे वाटणारे शब्द घ्यायचे, ‘कॅट’ आणि ‘कॅप’, ‘पेन’ आणि ‘पिन’. पळायचं की बसायचं हे एका आवाजावर ठरतं म्हटल्यावर मुलं कान टवकारून ऐकतात. इंग्रजी वाचायला शिकताना असे बारीक फरक ऐकू येणं फार गरजेचं असतं.

खेळ पाचवा : बाजारातून आण

हा खेळ आपल्या आयांचा. टोपलीत कांदा, बटाटा, टोमॅटो, मिरची, लिंबू, केळं ठेवायचं. टोपली अंगणाच्या एका टोकाला आणि मुलं दुसऱ्या टोकाला. ‘ब्रिंग मी अ टोमॅटो’ म्हटलं की एकानं पळत जाऊन टोमॅटो आणायचा. पुढं ‘ब्रिंग मी टू ओनियन्स’. नंतर नाव न घेता, ‘ब्रिंग मी समथिंग यलो’. आता लिंबू आणायचं की केळं, हे मुलानं ठरवायचं. दोन्ही बरोबर. शेवटी मुलानं वस्तू देताना ‘हिअर यू आर’ म्हणायचं आणि घेणाऱ्यानं ‘थँक यू’.

याच टोपलीवर ‘पुट द लेमन ऑन द बॉक्स’, ‘अंडर द बॉक्स’, ‘इन द बॉक्स’ असंही खेळता येतं. खोकं, लिंबू आणि पाच मिनिटं, एवढंच साहित्य. भाजी वाया जात नाही, संध्याकाळी तीच फोडणीला पडते.

बोलण्याकडून अक्षराकडे

मग वाचन-लेखन करायचंच नाही का? करायचं, पण क्रमानं. आधी ऐकणं, मग करणं, मग बोलणं, आणि त्यानंतर वाचणं-लिहिणं. जो शब्द मुलानं पन्नास वेळा ऐकला आणि खेळला आहे, तोच वाचायला द्यायचा. तो शब्द मग परका वाटत नाही.

अक्षरांसाठीही खेळ आहे. लंगडीला आखतो तसे चौकोन आखून प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर लिहायचं. बाई अक्षराचं नाव न घेता आवाज म्हणतील, ‘ब’, ‘म’, ‘स’. मुलीनं लंगडी घालत त्या चौकोनात जायचं. छोटे बी आणि डी ही अक्षरं मुलं हटकून उलटसुलट करतात, कारण ती आरशातल्यासारखी एकमेकांसमोर असतात. ती दोन अक्षरं जमिनीवर वावभर मोठी काढून त्यांच्या रेघेवरून चालायला लावलं, की पोट कुठल्या बाजूला हे पायाला कळतं.

खेळताना सांभाळायच्या गोष्टी

वेळ पंधरा-वीस मिनिटं पुरे. एका दिवशी एक खेळ आणि पाच-सहा नवे शब्द, याहून जास्त नको. कालचे शब्द आज पुन्हा घ्यायचेच.

दर शब्दाचं मराठी सांगत बसू नका. ‘जम्प म्हणजे उडी मार’ असं सांगितलं की मूल इंग्रजी शब्द सोडून मराठीची वाट बघतं. उडी मारून दाखवा. मात्र खेळाचे नियम मराठीतूनच समजावून सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

चुकलं तर टोकू नका. मूल ‘गिव्ह टोमॅटो’ म्हणालं, तर टोमॅटो द्यायचा आणि आपण म्हणायचं, ‘येस, गिव्ह मी अ टोमॅटो’. ऐकून ऐकून सुधारतं. ‘असं नाही, असं म्हण’ दहा वेळा ऐकलेलं पोर अकराव्या वेळी गप्पच बसतं.

काही मुलं पहिले दोन-तीन महिने एक शब्द बोलत नाहीत, पण सगळं बरोबर करतात. त्यांची काळजी नको. बाळही असंच आधी ऐकत असतं.

ज्या मुलाला पळता येत नाही त्याला बाजूला बसवू नका. आज्ञा देणं, आकडा पुकारणं, टोपली सांभाळणं ही कामं त्याला द्या. खेळात सगळ्यात जास्त बोलायला तर पुकारणाऱ्यालाच मिळतं.

एका खोलीत दोन इयत्ता असतील किंवा पाऊस असेल तर जागेवर उभं राहूनही ‘टीचर सेज’ आणि येस-नो खेळता येतं. येस म्हणजे हात वर, नो म्हणजे खाली बसायचं. उन्हाळ्यात खेळ सकाळच्या वेळीच घ्या, आणि खेळण्याआधी मैदानातले काटे, काचा वेचून घ्या. मुलींना ‘तू नको पळू’ म्हणून कडेला उभं करू नका.

आपल्याला इंग्रजी येत नाही, मग?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. मैत्रिणींनो, आपण रोज काय बोलतो ते ऐका. मीटिंग, लोन, पासबुक, बँक, चेक, मोबाइल, चार्जर, बॅलन्स, बस, स्टँड, तिकीट, ग्लास, बॉटल, टेबल, डॉक्टर, इंजेक्शन, टोमॅटो. हे सगळे शब्द इंग्रजीतलेच आहेत. आपला उच्चार थोडा मराठी आहे, एवढंच. एका बैठकीत आम्ही असे शब्द मोजायला घेतले, तर फळा भरला तरी बायका सांगतच होत्या. घरी मुलीला ‘बॉटल आण’ म्हणता, तिथं ‘ब्रिंग द बॉटल’ म्हणायला काय हरकत आहे? उच्चार चुकला तर शाळेत बाई सुधारतील.

त्याहून सोपा उपाय म्हणजे मुलीलाच बाई करा. भाकरी थापताना म्हणा, “आज शाळेत काय खेळलात? मला खेळव.” ती आज्ञा देईल, तुम्ही पाळा. चुकलात तर ती हसेल, हसू द्या. दुसऱ्याला शिकवताना जेवढं पक्कं होतं तेवढं कशानंच होत नाही. आणि आईला आपण काही शिकवलं, ही गोष्ट मुलगी विसरत नाही.

मराठीतल्या गोष्टी, म्हणी, गप्पा मात्र कमी करू नका. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. ज्या मुलाला आपल्या भाषेत भरपूर बोलता येतं, त्याला दुसरी भाषा लवकर पकडता येते.

शाळेशी कसं बोलायचं

शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या समितीवर आहेत. सही करून परत येऊ नका. तिथं दोन गोष्टी मांडा. एक, इंग्रजीच्या तासातली पंधरा मिनिटं रोज अशा खेळांसाठी ठेवावीत. दोन, आठवड्यातून एकदा दोन आया मदतीला येतील. रेघा आखायला, रांगा लावायला, टोपली आणायला दोन हात जास्त असले की एकट्या शिक्षिकेला चाळीस मुलं झेपतात.

शिक्षकांनाही ही पद्धत नवी नाही. 2016 पासून काही वर्षं आपल्या राज्यात ‘तेजस’ नावाचा कार्यक्रम राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून काही जिल्ह्यांत चालवला. त्यात प्राथमिक शिक्षकांचे गट नेमानं भेटून इंग्रजी शिकवण्याचे उपक्रम एकमेकांना सांगायचे. आपल्या बचत गटासारखंच. म्हणजे बाईंना, गुरुजींना यातलं बरंच ठाऊक असतं. अडतं कुठं, तर गाव काय म्हणेल या धास्तीपाशी. ती धास्ती आपणच घालवू शकतो.

म्हणून एवढं करा. इंग्रजीच्या तासाला मैदानातून आरडाओरडा ऐकू आला, तर तक्रार करण्याआधी पाच मिनिटं कुंपणापाशी उभं राहून बघा. मुलं काय ऐकतात, ऐकून काय करतात, कोण बोलतं, कोण गप्प आहे, ते बघा. संध्याकाळी मुलीची वही जरूर उघडा, पण त्याआधी तिला म्हणा, “काय शिकलीस ते करून दाखव.” महिन्यानं पुन्हा म्हणा. तिला पाच आज्ञा कळत होत्या तिथं वीस कळायला लागल्या, तर तास वाया जात नाही हे तुम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. आणि कळत नसतील, तर समितीत विचारायला तुमच्याकडे ठोस गोष्ट असेल.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की दहा मिनिटं राखून ठेवा. आपणच ‘टीचर सेज’ची एक फेरी खेळू. गुडघे दुखणाऱ्यांनी बसून खेळा. त्यातून कोण दोघी पुढच्या आठवड्यात शाळेत जाणार, ती नावं तिथल्या तिथं कार्यवृत्त वहीत लिहून टाका.